पुन्हा आलेला ताप नेहमी नव्या डासाचा नसतो
'नवी मुंबईतल्या घणसोलीत नीट धूर मारला की मलेरिया जाईल' असं कुणी म्हणत असेल, तर ते अर्धंच खरं. धुराने उडते डास मरतात. पण बांधकामांवर लिफ्टच्या खड्ड्यात, स्लॅबवर क्युरिंगसाठी (काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून) तुंबवलेल्या स्वच्छ पाण्यात अ‍ॅनोफिलीसच्या, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या डासाच्या, अळ्या वळवळतच राहतात.

पण एक मुद्दा सुटलाय. व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियाचे जंतू यकृतात दडून बसतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, नवा डास न चावताही ताप परत आणतात. म्हणून या दडलेल्या जंतूंवरचं औषध, प्रायमाक्विन, पूर्ण १४ दिवस घ्यायचं असतं, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. शेजारच्या साइटवरच्या एका सेंट्रिंगवाल्याचा ताप उतरला, खाडा पडू नये म्हणून तो लगेच कामावर गेला. उरलेल्या गोळ्या खोपटात खिळ्याला टांगलेल्या पिशवीत तशाच. हजेरी घेताना मुकादमाने समोर गोळी घ्यायला लावली तरी खूप फरक पडेल.