अमेरिकेतील हायस्कूल ग्रॅज्युएशन: प्रेक्षकांनी कसे वागावे? सल्ला हवा आहे

सांजवात:
नमस्कार. माझ्या मुलीचे हायस्कूल ग्रॅज्युएशन जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, न्यू जर्सीतील तिच्या शाळेच्या फुटबॉल मैदानावर आहे. शाळेने प्रत्येक कुटुंबाला मैदानासाठी सहा, आणि पाऊस आल्यास जिममध्ये (शाळेच्या बंदिस्त क्रीडागृहात) बसण्यासाठी दोन तिकिटे दिली आहेत. सांगलीहून सासू-सासरे आणि डॅलसहून दीर-जाऊ येत आहेत. शाळेच्या पत्रात 'शेवटचे नाव पुकारले जाईपर्यंत कृपया टाळ्या राखून ठेवाव्यात' असे स्पष्ट लिहिले असले, तरी दिरांनी एअर हॉर्न (हातात धरून वाजवायचा कर्कश भोंगा) मागवून ठेवला आहे; त्यांच्या मते असे नियम कोणीच पाळत नाही. सासूबाईंना तिथेच औक्षण करायचे आहे. सासरे निवृत्त मुख्याध्यापक आहेत, पण त्यांनाही एक शंका आहे: नातीचे नाव पुकारल्यावर आपण गप्प बसलो, तर ती हिरमुसणार नाही का? ज्यांनी हा सोहळा अनुभवला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उंबरठा:
माझ्या दोन्ही मुलांचे ग्रॅज्युएशन झाले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट एअर हॉर्नची. तो घरीच ठेवायला सांगा. बहुतेक शाळा त्यावर बंदी घालतात आणि प्रवेशद्वारावर पिशव्या तपासल्या जात असतील तर तो तिथेच काढून घेतला जाईल. पण बंदी नसती तरी मी हेच सांगितले असते. समजा, ४८० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येक नावाला नऊ सेकंद मिळतात. म्हणजे नुसती नावे वाचायला ७२ मिनिटे लागतात. त्या नऊ सेकंदांपलीकडे तुमचा भोंगा वाजत राहिला, तर तो तुमच्या मुलीच्या नावावर वाजत नाही, तिच्या मागून येणाऱ्या मुलाच्या नावावर वाजतो. माझ्या धाकट्याच्या वेळी नेमके हेच झाले. आधीच्या मुलीच्या कुटुंबाचा जल्लोष एवढा लांबला की माझ्या आईला नातवाचे नाव ऐकूच आले नाही; तो हस्तांदोलन करून मंचाच्या पायऱ्या उतरत होता, तरी ती 'अजून आपला आला नाही ना?' असे विचारत होती.

आपल्या नावांच्या बाबतीत ही शांतता अधिकच आवश्यक असते, कारण ती उच्चारली जातात तेव्हा आपल्यालाही क्षणभर ओळखू येत नाहीत. थोरलीचे नाव मृण्मयी; सरावाच्या दिवशी त्याचे 'मरनमाई' झाले होते. नाव कसे उच्चारावे हे लिहून देण्यासाठी शाळेने कार्ड दिले असेल, तर मुलीला ते काळजीपूर्वक भरायला सांगा आणि शक्य असल्यास नावे वाचणाऱ्या शिक्षकांना एकदा म्हणून दाखवायला सांगा.

तुमच्या सासऱ्यांच्या शंकेविषयी: मुले सहसा हिरमुसत नाहीत. समारंभाच्या शेवटी संपूर्ण वर्ग उत्तीर्ण झाल्याचे जाहीर होते, मुले टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे घेतात आणि शाळेची परवानगी असो वा नसो, टोप्या हवेत उडवतात. त्या वेळी हवे तेवढे ओरडा, शिट्ट्या वाजवा, कोणी वळूनही पाहणार नाही. औक्षणही समारंभानंतर, वाहनतळाजवळ किंवा सरळ घरी करावे. मैदानात निरांजन पेटवू देणार नाहीत. हार मात्र चालून जाईल, कारण हवाईतल्या प्रथेप्रमाणे ग्रॅज्युएशननंतर मुलांच्या गळ्यात फुलांच्या माळा घालणे इथे अनेकांच्या परिचयाचे आहे.

कडेलोट:
वरील सल्ला योग्य आहे, परंतु एक बाजू राहून गेली. ज्या घरातील पहिलेच मूल हायस्कूल पूर्ण करत असते, त्या घरच्यांचा आवाज थांबत नाही, आणि अनेक कृष्णवर्णीय व लॅटिनो कुटुंबांत नाव पुकारताच जल्लोष करणे हीच मुलाला दिलेली दाद मानली जाते. २०१५ साली मिसिसिपी राज्यातील सेनाटोबिया येथे ग्रॅज्युएशनमध्ये नाव घेऊन ओरडल्याबद्दल काही जणांवर शांतताभंगाची तक्रार झाली होती. त्यावर देशभर टीका झाली आणि शेवटी ती मागे घ्यावी लागली. तेव्हा आपण नियम जरूर पाळावा, पण शेजारच्या बाकावरून कोणी ओरडले तर नाक मुरडू नये, आणि सासऱ्यांनी सवयीने 'शूऽऽ' तर मुळीच करू नये. शाळेने टाळ्यांविषयी काहीच सांगितलेले नसेल, तर नावाला दोनदा टाळी वाजवून थांबावे, असे माझे मत आहे.

वाघनखे:
माझी विनंती एकच आहे: आपल्या मुलीचे नाव झाले की उठून जाऊ नका. नावे आडनावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने घेतली जातात आणि आमचे आडनाव 'व'चे. माझ्या मुलाची पाळी आली, तोवर अर्धी बाके रिकामी झाली होती आणि उरलेले लोक गाडीच्या किल्ल्या शोधत होते. ते मला आजही खटकते.

माहेरवाशीण:
काही व्यावहारिक गोष्टी. मुले रांगेने आत येताना इंग्रज संगीतकार एल्गारचे संचलनगीत वाजते (१९०५ साली येल विद्यापीठाने एल्गारला मानद पदवी दिली, त्या समारंभापासून ही प्रथा रुजली). तेव्हा उठावे की बसून राहावे, हे आजूबाजूला पाहून ठरवावे. राष्ट्रगीताला आजी-आजोबांनी स्तब्ध उभे राहिले की पुरे, छातीवर हात ठेवण्याची आवश्यकता नाही. ॲल्युमिनियमची बाके उन्हात तापतात, म्हणून बसायला सतरंजीची घडी न्यावी. छत्री उघडू नये, मागच्यांना दिसत नाही. उन्हासाठी टोप्या न्याव्यात. फुगेही आणू नयेत, त्यांमुळेही मागच्यांना दिसत नाही. फोन किंवा टॅब डोक्याच्या वर धरून चित्रीकरण करू नये.

सांजवात:
सर्वांचे मनापासून आभार. दिरांना हा धागा वाचायला दिला. भोंगा परत करण्याची मुदत संपली आहे, त्यामुळे तो आता गॅरेजमध्ये पडला आहे. सासऱ्यांना 'शूऽऽ'चा मुद्दा लागला, पण त्यांनी तो मान्य केला. पाऊस आला तर जिममधली दोन तिकिटे आजी-आजोबांना द्यायची, असे आम्ही ठरवले आहे. मुलीला नावाच्या कार्डाविषयी विचारले, तर ते तिने दोन आठवड्यांपूर्वीच भरून दिले होते आणि त्यात स्वतःचे नाव अमेरिकन उच्चाराप्रमाणेच लिहिले होते. उद्या ती नवे कार्ड मागणार आहे.