वयाची अट: "खेळू द्या की पोरांना" म्हणणाऱ्यांसाठी

कोलांटी:
परवा 'तिसरा पंच' यांनी लिहिलं की फिगर स्केटिंगमध्ये किमान वयाची अट १५ वरून १७ वर नेली ती केवळ वय उलटलेल्यांच्या गळ्यात पदकं पडावीत म्हणून. "अंगात धमक असेल तर बाराव्या वर्षीही उतरू द्या, खेळाला वय कसलं?" तिथे दोन ओळी खरडून जीव शांत झाला नाही, म्हणून हा धागा.

मी सात वर्षं जिम्नॅस्टिक्स केलं. नाव घेण्यासारखं काही जिंकले नाही, गैरसमज नको. बाराव्या वर्षी उजवं मनगट दुखायला लागलं. त्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची जागा मऊ असते आणि आमचा निम्मा खेळ हातांवर. दप्तराची चेन उघडायलाही डावा हात लागायचा. सरांनी पांढरी टेप आवळून बांधली आणि म्हणाले, "आत्ता थांबलीस तर वर्षभरात उंची वाढेल, अंग भरेल. मग काय उपयोग?" तेव्हा मला ती काळजी वाटली होती. माझ्या अंगाची मुदत संपायच्या आत त्यांना काम उरकायचं होतं, हे फार उशिरा कळलं.

स्केटिंगमध्ये हेच. अंग जितकं सडपातळ तितकी हवेतली गिरकी वेगात. मग वयात येण्याआधीची दोन-तीन वर्षं पिळून घ्यायची आणि पुढची मुलगी आणायची. रशियाची युलिया लिपनित्स्काया २०१४ च्या सोची ऑलिंपिकला १५ वर्षांची होती, सांघिक सुवर्ण मिळालं, आणि १९ व्या वर्षी ॲनोरेक्सियाशी (खाणं तोडण्याचा आजार) झगडून निवृत्त. बीजिंग ऑलिंपिकला २०२२ मध्ये रशियाचीच कामिला वालियेवा, तीही १५. नमुन्यात ट्रायमेटाझिडिन हे बंदी असलेलं हृदयाचं औषध सापडलेलं. पण १६ च्या आतली म्हणून नियमांत 'संरक्षित', त्यामुळे खेळू दिलं, आणि अख्ख्या जगासमोर पडत-धडपडत ती चौथी आली. याला संरक्षण म्हणायचं! २०२४ मध्ये क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली, ती मात्र मोठ्यांच्या मापाची.

तिसरा पंच:
ताई, मनगटाचं वाईट वाटलं. पण एका टेपवरून जगाचे नियम ठरत नाहीत.

रोमानियाची जिम्नॅस्ट नादिया कोमानेची १९७६ च्या ऑलिंपिकला १४ वर्षांची होती. १० पैकी १०, आणि फलकावर दोन आकडी जागाच नव्हती म्हणून १.०० झळकलं. आजच्या १६ च्या अटीत ती घरी टीव्ही बघत बसली असती. सचिन १६ व्या वर्षी सियालकोटला नाकातून रक्त येत असताना उभा राहिला, तिथेही कुणी 'लहान आहे, बाहेर ठेवा' म्हणालं असतं तर? आणि जपानची स्केटर माओ असादा घ्या. डिसेंबर २००५ मध्ये स्केटिंगच्या ग्रां प्री फायनलला रशियाच्या स्लुत्स्कायासारखीला मागे टाकून पहिली आली. दोन महिन्यांनी ट्युरिन ऑलिंपिक, आणि ही वयाच्या अटीत ८७ दिवसांनी लहान! ऑलिंपिक सुवर्ण तिला पुढे कधीच मिळालं नाही. हा कुठला न्याय?

डिसेंबरचा:
८७ दिवस! शेवटी कुणीतरी मुद्द्यावर आलं.

वयाची अट किती यावर तुम्ही भांडताय, आणि खरा अन्याय कट-ऑफच्या, म्हणजे वय मोजायच्या तारखेत आहे. माझा जन्म २९ डिसेंबरचा. ११ वर्षांखालच्या फुटबॉल निवडीला माझ्या शेजारी उभ्या मुलाचा जन्म त्याच वर्षीच्या जानेवारीतला. त्याला मिसरूड फुटायला आलेलं, मी त्याच्या खांद्याला. निवडणारे म्हणाले, "हा अजून कच्चा आहे." अहो, मी कच्चा नव्हतो, मी अकरा महिन्यांनी धाकटा होतो! वयोगटांच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी असते, हे किती खेळांत दिसून आलंय. यावर कुणी धागा काढत नाही.

बाकावरचा बारावा:
सहमत. माझा जन्म नोव्हेंबरचा. दोन दिवस आधी जन्मलो असतो तर...

डिसेंबरचा:
@बाकावरचा बारावा, दोन दिवसांनी तुमचं काय झालं असतं? ऑक्टोबरच ना? तो काय जानेवारी आहे?

बाकावरचा बारावा:
आमच्या खेळात कट-ऑफ १ नोव्हेंबर होता साहेब, तोवर वय पूर्ण हवं. आधी विचारा, मग खेकसा.

कोलांटी:
धागा भरकटतोय.

डिसेंबरचा:
भरकटत नाहीये. न्याय हा शब्द तुम्हीच काढलात.

कोलांटी:
असादाबद्दल. तिचं वाईट मलाही वाटतं. पण रेघ कुठेही मारा, कुणीतरी ८७ दिवसांनी अलीकडे राहणारच. आणि नादियाचं उदाहरण देणाऱ्यांनी तिच्याच देशातल्या जिम्नॅस्ट दानिएला सिलिवाशचंही द्यावं. पासपोर्टवर तिचं जन्मवर्ष १९७२ चं १९७० केलं. कुणी? वरच्यांनी. पोरीने स्वतःच पुढे सांगितलं. उत्तर कोरियाची जिम्नॅस्ट किम ग्वांग सुक कागदावर लागोपाठ तीन वर्षं १५ वर्षांचीच होती!

तिसरा पंच:
म्हणजे तुम्हीच सांगताय की अट असली की लबाडी येते. अट काढा, लबाडी संपली. तुमच्याच तोंडून.

कोलांटी:
वा. चोरी होते म्हणून कुलूपच काढायचं.

हाडवैद्य:
रोज वाढीच्या हाडांचे फोटो बघते म्हणून राहवलं नाही. वय ओळखता येतं हा समज अर्धाच खरा. १७ वर्षांखालच्या फुटबॉल विश्वचषकात २००९ पासून मनगटाचं एमआरआय होतं. हाडाच्या टोकाची वाढीची रेघ पूर्ण बुजलेली दिसली तर पोरगा जवळजवळ नक्की १७ च्या पुढचा. कॅमेरूनने अशाच तपासणीत आपल्याच संघातल्या ३० पैकी २१ जणांना घरी पाठवलं होतं. पण रेघ बुजलेली नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. फुटबॉलमध्ये थोरला धाकटा होऊन येतो, तिथे हे चालतं. जिम्नॅस्टिक्समध्ये धाकटी थोरली होऊन येते. त्यातून जबर सराव आणि अपुरं खाणं यांनी त्या मुलींची वाढ आधीच मागे पडलेली. तिथे यंत्र गप्प.

डिसेंबरचा:
पण मग जन्ममहिना हाडावरून...

हाडवैद्य:
नाही.

तिसरा पंच:
मूळ मुद्दा. सडपातळ अंगाचा फायदा म्हणता, तर बास्केटबॉलमध्ये उंचीचा फायदा नसतो? तिथे कमाल उंचीची अट घाला की! आणि रशियाच्या स्केटर अलेक्झांड्रा त्रुसोवाने बीजिंगला एका कार्यक्रमात चार गिरक्यांच्या पाच उड्या मारल्या तेव्हा ती १७ वर्षांची होती. म्हणजे तुमचं 'वयात येण्याआधी' बाद.

कोलांटी:
तिचं रौप्य मिळाल्यानंतरचं रडणं पाहिलंत ना? आता बर्फावर पाय ठेवणार नाही म्हणत होती. १७ व्या वर्षी, ऑलिंपिक रौप्य जिंकून.

आणि उंची कुणी तुमच्याकडून पिळून काढत नाही. तुम्ही भाबडे आहात की सोंग घेताय, तेच कळत नाही.

तिसरा पंच:
वैयक्तिक होऊ नका. चार ओळींत मुद्दे संपले वाटतं.

कोलांटी:
संपले नाहीत. जिम्नॅस्ट डाँग फांगशियाओ. सिडनी २००० ला चीनच्या सांघिक कांस्यात होती. नोंदीत जन्म १९८३ चा. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला तांत्रिक अधिकारी म्हणून काम केलं, तिथल्या कागदावर जन्म १९८६ चा. म्हणजे सिडनीत १४. २०१० मध्ये पदक काढून अमेरिकेला दिलं. खोटी तारीख त्या १४ वर्षांच्या मुलीने कार्यालयात जाऊन लिहिली असेल का हो? पण निकाल पुसले गेले ते तिच्या नावापुढचे. म्हणून म्हणते, स्पर्धेत बरोबरी यावी यासाठी मला अट नकोच आहे. लवकर पिळून काही हाती लागणार नाही, एवढं प्रशिक्षकांना आणि संघटनांना कळलं तरी पुरे. अमेरिकेच्या जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने पॅरिस ऑलिंपिकमध्ये सर्वांगीण सुवर्ण जिंकलं तेव्हा ती २७ ची होती. ओक्साना चुसोवितिना तोक्योत ४६ व्या वर्षी व्हॉल्टवर (धावत येऊन उडीचा प्रकार) उतरली. खेळ म्हातारा झाला नाही.

तिसरा पंच:
मग स्केटबोर्डला का गप्प? तोक्योत स्ट्रीट प्रकारात सुवर्ण आणि रौप्य, दोन्ही १३ वर्षांच्या मुलींना. पॅरिसमध्ये चीनची झेंग हाओहाओ ११ ची. तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते, तुम्हीही.

कोलांटी:
वाजवल्या. खरंय. नंतर गुडघ्यांकडे लक्ष गेलं.

हाडवैद्य:
तिथे अंगाला उपाशी ठेवायचा दबाव तसा नसतो, पण डोकं आपटायचा धोका असतोच. अट तिथेही हवी.

तिसरा पंच:
बरं, घ्या. आयसीसीने २०२० मध्ये १५ ची अट घातली तेव्हा मी काही आभाळ कोसळवलं नव्हतं. १६ पर्यंत गिळतो. १७ नाही. आणि डाँगच्या प्रकरणात अधिकाऱ्यांवर कारवाई व्हायला हवी होती, हे मान्य. हे तुमच्यामुळे मान्य नाही, आधीपासून होतं.

कोलांटी:
आधीपासून होतं तर परवा कुठे होतं?

डिसेंबरचा:
१६ ठरलं तर ठरलं. पण १ जुलैला पूर्ण की ३१ डिसेंबरला?