कचरा, टेकड्या आणि ओढे: सामाजिक भांडवलातून पर्यावरणीय न्याय मिळतो का?

कर्वेनगरकर
सामाजिक भांडवल म्हणजे माणसांमधला विश्वास, ओळखी आणि अडचणीत एकमेकांसाठी उभे राहण्याची सवय. शहराचा विकास टिकाऊ व्हायचा असेल आणि पर्यावरणीय न्याय, म्हणजे कचऱ्याचा नि पुराचा भार दुबळ्यांवरच न पडणे, साधायचा असेल, तर निधी आणि यंत्रे यांच्या आधी हे भांडवल जमवावे लागते, असे माझे मत आहे. पुण्यातील कचरावेचक हा त्याचा सर्वांत भक्कम पुरावा होय. डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तेव्हा बहुतांश दलित समाजातील या स्त्रियांकडे ना जमीन होती ना पैसा. रोज कुंडीवर भेटणाऱ्या बायकांची एकमेकींवरील भिस्त तेवढी होती. त्या बळावर त्यांनी महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळवली, पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था काढली आणि २००८ साली महापालिकेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. ज्यांना लोक चोर समजून हटकत, त्याच आता सोसायटीच्या दारात हक्काने येतात.

फुरसुंगीकर
कचरावेचक भगिनींबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण आपला निष्कर्ष मला मान्य नाही. शहराचा कचरा वर्षानुवर्षे पुण्याबाहेरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत येऊन पडला, आमच्या विहिरींचे पाणी बिघडले, उन्हाळ्यात डेपोला आग लागली की धूर घरात शिरला. गावात एकी कमी होती असे कोणी म्हणू नये. भावकीतले हेवेदावे बाजूला ठेवून लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आहेत. तरीही डेपो तिथेच राहिला, कारण ज्या महापालिकेने निर्णय घेतला, तिच्या मतदारयादीत आम्ही नव्हतो. २०१७ साली गावे पालिकेत घेतली गेली आणि २०२४ साली ती पुन्हा बाहेर काढून स्वतंत्र नगरपरिषद झाली. आमच्याकडे भांडवल होते, निर्णयाचा अधिकार नव्हता. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच ‘आधी संघटित व्हा’ असे सांगणे मला योग्य वाटत नाही.

दांडेकर पूल
मी पुण्यातल्या दांडेकर पुलाजवळ, आंबिल ओढ्याच्या काठच्या वस्तीत वाढलो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून पाण्याचा लोंढा आला, तेव्हा शेजाऱ्यांनी दोर टाकून शेजाऱ्यांना बाहेर काढले. सामाजिक भांडवल म्हणतात ते हेच. पण ओढ्याचे पात्र कुठे किती अरुंद झाले, वरच्या अंगाला कोणत्या बांधकामाला परवानगी मिळाली, हे त्या शेजाऱ्यांना कधीच कुणी विचारले नाही. उलट जून २०२१ मध्ये ऐन पावसाळ्यात घरे पाडायला यंत्रणा आली आणि न्यायालयाची स्थगिती मिळाल्यावरच ती थांबली. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरील प्रस्तावित रस्त्याला विरोध करणाऱ्यांच्या मी बाजूने आहे. तरी फरक दिसतो: तिथे नकाशे वाचणारे अभियंते, हरकती लिहिणारे वकील आणि निवृत्त अधिकारी एकमेकांना ओळखतात. आमच्या वस्तीतही एकमेकांना सगळे ओळखतात, परंतु पालिकेच्या दालनात ओळखीचे कोणी नाही. तेव्हा प्रश्न भांडवल आहे की नाही हा नसून ते कोणत्या दारापर्यंत पोहोचते हा आहे.

कर्वेनगरकर
फुरसुंगीचे उदाहरण माझ्या मांडणीत बसत नाही, हे मी मान्य करतो. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने कचरावेचकांना संकलनात सामावून घेणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले. मात्र पंचायतीची वीस-बावीस वर्षांची चळवळ पाठीशी नसती, तर पुण्यात त्या नियमाला कितपत अर्थ राहिला असता, याविषयी मला शंका वाटते. म्हणून संघटन सोडून द्यावे असे मला अजूनही वाटत नाही. दांडेकर पुलाचे म्हणणे मात्र मनाला लागले. महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेते, आणि आमची सोसायटी दरवर्षी पदपथ व बाकडी मागते. या वर्षी आमच्याकडचे नकाशे वाचणारे लोक घेऊन मी आपल्या वस्तीत येऊ का? ओढ्याच्या पात्राबाबतची मागणी दोघांनी मिळून लिहू.

फुरसुंगीकर
जरूर लिहा. त्याच अर्जात आणखी एक ओळ घाला: शहरातून निघालेला कचरा शहराच्या हद्दीतच जिरवावा, आणि तो बाहेर पाठवायचाच असेल तर ज्या गावात तो जाणार त्या गावाच्या ग्रामसभेची आधी लेखी संमती घ्यावी. आपल्या सोसायटीची त्यावर सही मिळाली, तर आपण मांडलेल्या मताचा मी पुन्हा विचार करीन.