वृक्षारोपणात वॉकरवाले, व्हीलचेअरवाले खरंच झाड लावू शकतील असं काय करता येईल? (पुणे)

संघाची_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला या पावसाळ्यात वॉर्डातल्या बागेत झाडं लावायचीत. उद्यान विभागाने जागा दाखवलीये, मागच्या कंपाउंडच्या कडेची पट्टी, रोपंही तेच देणार आहेत. आमच्यातल्या निम्म्यांचे गुडघे गेलेले, काहींना वॉकर, शिवाय कॉलनीतली व्हीलचेअरवरची दोन मुलं आणि एक दृष्टिहीन काका यायचं म्हणतायत. मागे एका कार्यक्रमाला यातल्या काहींना नेलं होतं तर खुर्च्यांवर बसवून ठेवलं, हातात रोप दिलं, फोटो काढला, चहा-बिस्किट दिलं आणि घरी पाठवलं. झाडं लावली माळ्यांनी. काका परत येताना म्हणाले, मग मला बोलावलं कशाला? तर ते यंदा नकोय. बजेट बेताचंच आहे. कुणी केलंय का असं काही?

चाकावरची
आधी गेट बघा ताई, झाडांचं नंतर. पुण्यातल्या कितीतरी बागांना बाईक आत शिरू नये म्हणून ते वेडेवाकडे पाईप नाहीतर गोल फिरणारं गेट बसवलेलं असतं, बाईक थांबते की नाही माहीत नाही, मी मात्र नक्की थांबते. बाजूला मोठं गेट असतं त्याला कुलूप आणि किल्ली ज्याच्याकडे तो रविवारी सुट्टीवर. ती किल्ली आदल्या दिवशीच ताब्यात घ्या. खुर्चीला ९० सेंमी मोकळी जागा लागते, आणि केंद्राची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यात चालायची वाट कमीत कमी १२० सेंमी रुंद आणि रॅम्पचा उतार १:१२ म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी असं दिलंय. एक पायरी आहे म्हणून कुणीतरी फळी टेकवतं ना, ती फळी म्हणजे घसरगुंडी असते, नका करू.

दुसरं टॉयलेट. हे कुणी विचारत नाही. टॉयलेट नीट नसेल तर आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही आणि मग उन्हात चक्कर येते, तुमच्या ज्येष्ठांपैकी डायबेटिसवाल्यांचंही तेच होणार.

आणि चिखल. मागची मोठी चाकं निघतात कशीतरी, पुढची छोटी रुततात. मांडववाल्याकडून प्लायच्या शीट घ्या, आठ बाय चारच्या, वाटेपासून खड्ड्यापर्यंत टाका. वर हिरवं मॅटिंग अजिबात टाकू नका, मांडववाले हौसेने टाकतात पण ओलं झालं की चाकात गुंडाळतं. त्यापेक्षा प्लायवर कोंबडीची जाळी खिळ्यांनी ताणून मारा, टोकं खाली वळवून, घसरत नाही मग.

निवांत_नाना
एवढा खटाटोप कशाला, पेव्हर ब्लॉकच्या वाटेला लागूनच लावा की झाडं. सगळ्यांचा हात पोचेल, प्लायही नको न मांडववालाही नको 😀

खुरपं_फावडं
नाना, तिथेच तर घोळ होतो. वाटेला खेटून मोठं झाड लावलं की काही वर्षांनी मुळं पेव्हर उचलतात आणि मग त्याच वाटेवर व्हीलचेअर चालत नाही, वॉकर अडतो, आजी ठेचकाळून पडतात. म्हणजे ज्यांच्यासाठी केलं त्यांचीच वाट आपण बंद केली. वाटेच्या कडेला पारिजातक, कांचन, तगर असली आटोपशीर झाडं ठेवा, आणि बहावा, ताम्हण, कडुनिंब, करंज ही आत सात-आठ फुटांवर. तिथपर्यंत जायला ते प्लाय. एका दिवसाचा प्रश्न आहे, उचलून परत द्यायचे.

आता लावायचं कसं. खड्डे आदल्या दिवशी माळ्यांकडून खणून घ्या, दोन बाय दोन बाय दोन फूट, आणि माती, शेणखत, थोडी निंबोळी पेंड कालवून जवळपास भरूनच ठेवा. मध्ये फक्त पिशवीच्या मापाचा खळगा सोडायचा. म्हणजे कुदळ-पहारीचं काम संपलं आणि राहिलं ते सगळं बसून होण्यासारखं: पिशवी कापणं, रोप सोडणं, माती लोटणं, दाबणं, आळं करणं, काठीला सुतळी बांधणं. हे खरं झाड लावणंच आहे हो, खड्डा खणणं नुसती मजुरी.

रोपं पाच-सहा फुटी घेऊ नका. त्या पिशव्या इतक्या जड असतात की धडधाकट माणसाचीही कंबर धरते. दोन-अडीच फुटी घ्या, मांडीवर मावतात आणि जोमही चांगला धरतात. व्हीलचेअर खड्ड्याला समोरून नको, आडवी लावा, ब्रेक लावून, म्हणजे बाजूने हात खाली जातो. तरी पोचत नसेल तर लांब दांड्याचं खुरपं, आणि पाणी-खत घालायला पीव्हीसी पाईपचा तीनेक फुटी तुकडा, वरून ओतलं की बरोबर बुंध्याशी. हात थरथरतात किंवा पकड नाही त्यांच्यासाठी खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा, जाड होते, सुटत नाही. गुडघेवाल्यांना प्लास्टिकचं बुटकं स्टूल नको, ओल्या मातीत एक पाय खचला की आडवे. हातांची खुर्चीच द्या, उठताना आधार मिळतो, आणि तीसुद्धा प्लायवर ठेवा.

ज्यांना खाली हात नेताच येत नाही त्यांच्यासाठी बाजूला टेबल मांडा. बिया पिशव्यांत लावायच्या, पुढच्या वर्षीची रोपं. टेबलाखाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा बघा, साधारण सत्तर सेंमी, आडवी पट्टी नसलेलं.

पांढरी_काठी
काकांबद्दल लिहितो कारण मी पण दिसत नसलेलाच आहे, स्क्रीन रीडरवर वाचतोय. वाटेपासून त्यांच्या खड्ड्यापर्यंत कमरेच्या उंचीवर सुतळी बांधा, माझ्यासारखा एकटा जाऊन येऊ शकतो. रोप त्यांच्या हातात देण्याआधी पिशवी, देठ, पानं नीट चाचपू द्या, घाई नको. कांचनाचं पान हाताला लगेच कळतं, टोकाशी दुभंगलेलं असतं. आणि ‘इकडे’ ‘तिकडे’ म्हणू नका प्लीज, आम्हाला इकडे कुठे ते कसं कळणार, घड्याळाच्या काट्यांवर सांगा, काठी तीनला आहे, खत नऊला. बुंधा मातीत गाडला जात नाहीये ना हे बोटांनी डोळ्यांपेक्षा चांगलं कळतं, ते काम आम्हालाच द्या. बकुळ किंवा सोनचाफा असेल तर तो काकांच्या नावावर टाका, फुलला की वासावरून स्वतःच शोधतील.

संघाची_सेक्रेटरी
अहो किती छान सांगितलंत सगळ्यांनी! काल बागेत जाऊन आले, गेट पाईपवालंच आहे. मोठ्या गेटची किल्ली मिळेल म्हणाले, पण एका दिवसापुरती. रोज पाणी घालायला यायचं तर काय?

चाकावरची
त्यासाठी लेखी अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करून, सार्वजनिक जागा सुगम करणं त्यात बंधनकारक आहे. दुसरं म्हणजे मनपा दरवर्षी नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेते, सहभागी अंदाजपत्रक म्हणतात, २००६-०७ पासून चालू आहे. गेट बदलणं आणि मागच्या पट्टीपर्यंत पक्की वाट, ही दोन कामं वेगवेगळ्या अर्जांवर टाका, एकत्र टाकलीत तर एकाबरोबर दुसरंही अडकतं. संघाच्या सगळ्यांनी स्वतंत्र अर्ज भरा.

खुरपं_फावडं
आणि पाण्याचं आत्ताच ठरवा, जुलैत सगळे येतात, एप्रिलमध्ये कुणी नसतं. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी लागतंच. रोज सकाळी फिरायला येणारे तुमचेच ज्येष्ठ आहेत, माळ्यापेक्षा नियमित. बादल्या उचलायला लावू नका, नळाला लांब पाईप जोडून घ्या, नळ मात्र हाताच्या उंचीवर हवा, बागेतले नळ बहुतेक घोट्याशी असतात.

निवांत_नाना
बरं, माझं म्हणणं मागे घेतलं 🙏 कर्वेनगरच्या बाजूला असाल तर कोंबडीच्या जाळीचं अर्धं बंडल आहे माझ्याकडे पडलेलं, घेऊन जा.

संघाची_सेक्रेटरी
नाना जवळच आहोत! मेसेज केलाय. खिळे आहेत का पण?