'ड्राय व्हॅली'ला मराठीत काय म्हणावं?

रानवाटा: मुलांच्या मासिकासाठी इंग्लंडमधल्या साउथ डाउन्सवर लेख लिहितेय. खडूचे गोलसर, गवताळ डोंगर. ब्रायटनजवळची डेव्हिल्स डाइक ही दरी जवळपास १०० मीटर खोल, पण तळाला ओढाच नाही. 'कोरडी दरी' म्हटलं तर मुलांना वाटेल उन्हाळ्यात आटली. 'घळ' चालेल का?

भीमथडी: घळ नको. घळ म्हटलं की कातळ आणि पावसाळ्यात कोसळणारं पाणी. आमच्याकडे दोन टेकाडांमधल्या सखल जागेला लवण म्हणतात. तिथे ओढा असलाच पाहिजे असं नाही.

खडकमाती: लवण उथळ असतं हो. शिवाय शाळेत लवण म्हणजे क्षार. आधी दरी कशी झाली ते बघा, शब्द मग. हिमथर थेम्सच्या खोऱ्यापलीकडे दक्षिणेला आलेच नाहीत, पण हिमयुगांत इथली जमीन खोलवर गोठली. खडू एरवी पाणी पिऊन टाकतो. त्याच्या भेगा बर्फानं बुजल्या, मग उन्हाळ्यातलं पाणी मुरेना. ते वरूनच वाहिलं आणि दरी कापत गेलं. उतारावरचा भिजलेला राडाही खाली सरकला, म्हणून डोंगर असे गुळगुळीत. थंडी सरल्यावर पाणी पुन्हा मुरू लागलं, दरी तेवढी राहिली.

रानवाटा: म्हणजे बर्फ विरघळल्यावर ओढा गेला!

शब्दवेल्हाळ: बर्फ वितळतो. विरघळते ती साखर.

भीमथडी: आमच्याकडे सगळे बर्फ विरघळला असंच म्हणतात. एवढी माणसं चूक कशी?

शब्दवेल्हाळ: एरवी बोललो नसतो. पण पावसाच्या पाण्यात कर्बवायू असतो, त्यात खडू खरोखरच विरघळतो. एकाच डोंगरात बर्फ वितळतोय आणि खडू विरघळतोय. दोन्हींना एकच शब्द लावला तर मुलांना काय कळणार?

खडकमाती: पटलं. आणि फुटणं वेगळं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यानं खडू तडकतो.

माडबन: गोठतं की थिजतं? पर्माफ्रॉस्टला, म्हणजे वर्षानुवर्षं गोठून राहिलेल्या जमिनीला, 'थिजभूमी' किती छान वाटेल!

शब्दवेल्हाळ: थिजतं तूप, खोबरेल. पाणी गोठतं. 'नित्यगोठण' म्हणा.

भीमथडी: नित्यगोठण कोण बोलणार? पर्माफ्रॉस्टच लिहा, मुलं बातम्यांत ऐकतात तो शब्द.

माडबन: भीतीनं माणूस थिजतो, तिथे कुठे तूप असतं? रक्त तर गोठतंही आणि थिजतंही.

रानवाटा: दरीचं काय ठरलं? मजकूर उद्या द्यायचाय.

भीमथडी: लवण.

खडकमाती: 'बिनओढ्याची दरी' लिहा, लवण मुळीच नको.

शब्दवेल्हाळ: माडबन, रक्त थिजणं हा लाक्षणिक वापर झाला, तो जमिनीला कसा लावणार?