तिसऱ्यांदा तीच स्थिती, तरी बरोबरी का नाही?

बुद्धिबळाच्या एका डावात तीच स्थिती तिसऱ्यांदा आली म्हणून काळ्या मोहऱ्यांच्या खेळाडूने बरोबरीचा दावा केला, पंचांनी तो फेटाळला, आणि हा अन्याय झाला, अशी एक तक्रार वाचली. काळ्याचे हत्तीचे अंत्यपर्व (मोजकी मोहरी उरलेला डावाचा शेवटचा टप्पा) बरोबरीचेच होते, हे त्यातले मत पटते. परंतु तीच स्थिती तिसऱ्यांदा येऊनही पंचांनी दावा फेटाळला हा अन्याय झाला, हे मात्र पटत नाही. वर्णनावरून काळ्याने हत्ती हलवून, घड्याळ दाबून, मग हात वर केलेला दिसतो. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियम ९.२ नुसार दावा ज्याची चाल असेल त्यानेच करायचा असतो: आपल्या चालीने स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल, तर ती चाल पटावर न खेळता केवळ चालींच्या नोंदीच्या कागदावर लिहायची आणि पंचांना बोलवायचे. मोहऱ्याला हात लावला की त्या चालीपुरता हक्क गेला. दावा चुकीचा ठरला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे वाढवून मिळतात, आणि लिहिलेली चाल खेळावीच लागते.

हौशी खेळाडूंची गफलत होते ती बहुधा ऑनलाइन सवयीमुळे, कारण काही संकेतस्थळांवर तिसऱ्या पुनरावृत्तीला डाव आपोआप बरोबरीत सुटतो; प्रत्यक्ष पटावर मात्र पंच स्वतःहून डाव थांबवतात ते पाचव्या वेळी, आणि तेही २०१४ पासून. आमच्याकडच्या एका खुल्या स्पर्धेत मी पाहिलेला दावा तर नोंदींपाशीच अडकला होता: दोन चाली एकाच ओळीत कोंबलेल्या, एका ठिकाणी हत्ती कोणत्या घरात गेला तेच वाचता येईना. शेवटी पंचांनी प्रतिस्पर्ध्याचा कागद घेऊन शेजारच्या पटावर सारा डाव पुन्हा मांडला, तेव्हा कुठे तो दावा मान्य झाला.