उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचतं का?

प्रश्न: उतार लागला की मी गाडी न्यूट्रलला टाकतो, अ‍ॅव्हरेज वाढतं असं सगळेच म्हणतात, खरंय का?

प्रतिसाद १: नका हो टाकू! इंजेक्शनवाल्या गाडीत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोलच बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला आयडलिंगचं (इंजिन नुसतं चालू ठेवायचं) पेट्रोल जळतच राहतं, वर इंजिन ब्रेकिंग (गिअरमधलं इंजिन गाडीला रोखून धरतं ते) जातं आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.

प्रतिसाद २: +१, फक्त जुन्या कार्ब्युरेटरवाल्यांना हे लागू नाही.

प्रतिसाद ३: लांबून सिग्नल लाल दिसला की तिथेच पाय काढा, शेवटपर्यंत रेस देऊन करकचून ब्रेक मारायचा म्हणजे पेट्रोल वायाच. हायवेला १०० ऐवजी ८० ने चालवून बघा, हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो.

प्रश्नकर्ता: धन्यवाद, आता घाट गिअरमध्येच उतरणार.